घंटा संपल्यानंतरची शाळा : निवासी विद्यालयात मूल कसे शिकते?

नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो, पाचवीतल्या मुलाचे नाव यादीत दिसते, घरात पेढे येतात आणि त्याच रात्री जेवणानंतर खरा प्रश्न पुढे येतो : पाठवायचे का? आईला वाटते की ज्याला अजून स्वतःचे अंथरूण घालता येत नाही, तो तिथे राहील कसा; वडील दहावीच्या निकालाचे आकडे काढून बसलेले असतात; आणि आजी काही न बोलता मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहते. मी बरीच वर्षे एका निवासी माध्यमिक शाळेत गणित शिकवले. प्रवेशाच्या दिवशी पालक मला जेवणाबद्दल, पंख्यांबद्दल, सुट्ट्यांबद्दल आणि निकालाबद्दल विचारत. हे सगळे प्रश्न रास्तच होते. मात्र रात्री आठ वाजता, जेव्हा वर्ग संपलेले असतात आणि मूल अजून शाळेतच असते, तेव्हा ते काय शिकते आणि कसे शिकते, हे मला फारच थोड्यांनी विचारले. निवासी शाळा समजून घ्यायची असेल, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

शाळेचे तत्त्वज्ञान कुठे दिसते?

‘अध्ययन-अध्यापनाचे तत्त्वज्ञान’ हा शब्दप्रयोग शाळांच्या माहितीपुस्तकात हमखास असतो आणि वाचणाऱ्याला त्यातून सहसा काहीच कळत नाही. अर्थ साधा आहे. मूल शिकते म्हणजे नेमके काय होते, त्यात शिक्षकाने किती करायचे आणि मुलाने किती, याबद्दल शाळेची जी समजूत असते तिला तत्त्वज्ञान म्हणायचे. प्रत्येक शेतकऱ्याची पाण्याबद्दल काही एक समजूत असते. तो ती कुठे लिहून ठेवत नाही, पण त्याच्या बांधावरून फिरले की ती दिसते. शाळेची समजूत तशीच तिच्या वेळापत्रकात दिसते. कोणत्या कामाला किती वेळ दिला आहे, कोणता वेळ मोकळा सोडला आहे आणि मोकळ्या वेळात मुलांजवळ कोण असते, एवढे पाहिले की शाळेला शिक्षण म्हणजे काय वाटते ते कळून येते.

वर्षातले एक हजार तास

आता थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन अपेक्षित आहे. वर्षाचे एकूण तास ८७६०. रोजची आठ तासांची झोप वजा केली तर मूल वर्षभरात ५८४० तास जागे असते. म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ हा मुलाच्या जागेपणीच्या वेळेचा साधारण सहावा हिस्सा झाला. उरलेले पाच हिस्से घर, गल्ली, शेत, शिकवणी आणि मोबाइल यांच्याकडे असतात.

शिकलेल्या आईवडिलांच्या घरात या पाच हिश्श्यांतही शिक्षण होत राहते. जेवताना बातमीवर बोलणे होते, घरात पुस्तके असतात, गणित अडले तर विचारायला कोणी तरी असते. ज्या घरात आईवडील दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून येतात, तिथे प्रेम तेवढेच असते. पण अभ्यास अडल्यावर विचारावे असे माणूस नसते आणि अनेकदा बसायला शांत कोपराही नसतो. एका वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांमधले अंतर बरेचसे या पाच हिश्श्यांत वाढत जाते.

निवासी शाळेची मूळ कल्पना इथे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना आली, आणि तिची पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर व आपल्या अमरावती येथे प्रायोगिक म्हणून १९८५-८६ मध्ये सुरू झाली. सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घ्यायची, त्यांतली किमान ७५ टक्के ग्रामीण भागातली आणि किमान एक तृतीयांश मुली असाव्यात, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके विनामूल्य द्यायची, असा तिचा आराखडा आहे. पालकांना यातले ‘विनामूल्य’ आधी दिसते. माझ्या मते मोठी गोष्ट वेगळी आहे : वर्गाबाहेरचे ते पाच हिस्से या योजनेने शाळेच्या जबाबदारीत आणले.

लांब उडीचा खड्डा आणि दशांश चिन्ह

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका प्रसंगातून सांगतो. सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांक चालले होते. ०.३५ मोठे की ०.४, असे विचारले की निम्मा वर्ग ०.३५ सांगे, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ही चूक मुलांमध्ये सर्रास आढळते आणि फळ्यावर कितीही वेळा समजावले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवते. त्याच आठवड्यात संध्याकाळी मैदानावर लांब उडीची निवड होती. एका मुलाची उडी ३.३५ मीटर आणि दुसऱ्याची ३.४ मीटर अशी वहीत नोंदली गेली, आणि ३.३५ वाला मुलगा रडकुंडीला येऊन क्रीडाशिक्षकांशी भांडू लागला की माझी उडी जास्त असताना त्याला का घेतले. क्रीडाशिक्षकांनी टेप पुन्हा वाळूवर ताणली आणि मुलालाच वाचायला सांगितले. तीन मीटरच्या पुढे पस्तीस सेंटिमीटरवर त्याच्या टाचेची खूण होती. ‘पॉइंट चार’ची खूण चाळिसाव्या सेंटिमीटरवर होती. मुलगा बराच वेळ उकिडवा बसून त्या दोन खुणांमधली पाच सेंटिमीटर वाळू पाहत राहिला.

रात्रीच्या अभ्यासाला तो स्वतः माझ्याकडे वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘सर, चारच्या पुढे एक शून्य आहे, ते लिहीत नाहीत, पण ते असतं.’’ मी आठवडाभर फळ्यावर जे सांगत होतो ते त्याला वाळूत सापडले होते, आणि ते ताजे असतानाच विचारायला शिक्षक समोर होता. दिवसाच्या शाळेतही मैदान असते आणि टेपही असते. परंतु मैदानावरचा धक्का आणि रात्री वही उघडणे या दोन गोष्टींमध्ये तिथे घर येते, रस्ता येतो, दुसरा दिवस येतो, आणि तोवर प्रश्न विझून जातो. निवासी शाळेत हे अंतर दोन तासांचे असते.

अभ्यासाचा तास : पाटपाणी की ठिबक?

निवासी शाळांमध्ये संध्याकाळी आणि रात्री जो बसून करण्याचा अभ्यास असतो त्याला ‘सुपरवाइज्ड स्टडी’ म्हणतात. मुले नुसते ‘स्टडी’ म्हणतात. शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतः केलेला अभ्यास, एवढाच त्याचा अर्थ. हा तास कसा वापरला जातो यावर शाळेचे बरेच काही ठरते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वायाही हाच तास जातो. मी जिथे होतो तिथे सुरुवातीची काही वर्षे हजेरी, शांतता आणि उघडी पुस्तके एवढ्यालाच आम्ही स्टडी समजत होतो. मुले एकच धडा चौथ्यांदा वाचत असत आणि आम्ही समाधानाने रांगांतून फिरत असू.

स्मरणशक्तीविषयीचे संशोधन वेगळे सांगते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून, ते किती वेळाने किती विसरले जातात हे स्वतःवरच मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे तेव्हापासून माहीत आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग तो न पाहता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुस्तक मिटून आठवण्याच्या या सवयीला आपण ‘आठवसराव’ म्हणू.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास म्हणजे पाटपाणी आहे : रान भरून निघते, डोळ्याला बरे वाटते, आणि बरेचसे पाणी मुळाला न लागता निघून जाते. रोज थोडे, मुळापाशी आणि अंतराने दिलेले पाणी म्हणजे ठिबक. दिवसाच्या शाळेला ठिबकची इच्छा असली तरी संध्याकाळी मूल तिच्या हाती नसते. निवासी शाळेच्या हाती ते असते, म्हणून तिने पाटपाणी देत राहणे ही जास्त मोठी चूक ठरते. आम्ही नंतर एवढाच बदल केला की स्टडीची पहिली वीस मिनिटे पुस्तक बंद. कालच्या आणि मागच्या आठवड्याच्या धड्यातले जे आठवेल ते कोऱ्या पानावर लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे. पहिल्या महिन्यात मुलांना हे मुळीच आवडले नाही, कारण आपल्याला किती येत नाही हे त्यात रोज दिसते. लाल शाई हळूहळू कमी होताना मात्र ती स्वतः पाने मोजू लागली.

घंटेवर चालणारे मूल पुढे स्वतः चालेल का?

पहाटे उठण्याची घंटा, पीटी, प्रार्थना, वर्ग, जेवण, विश्रांती, खेळ, स्टडी, दिवे बंद. असे सहा-सात वर्षे जगलेल्या मुलाला बारावीनंतर पुण्याच्या एखाद्या खोलीत एकटे सोडले की ते कोलमडते, ही तक्रार मी माजी विद्यार्थ्यांच्याच तोंडून ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

घराचा स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट ओले असताना सेंटरिंग काढले तर स्लॅब खाली येतो, म्हणून ते हवेच. पण स्लॅब पक्का झाल्यावरही टेकू तसेच ठेवले तर त्या घरात कोणी राहू शकत नाही. शिक्षणशास्त्रात १९७६ पासून अशा तात्पुरत्या आधाराला ‘परांची’ म्हणण्याचा प्रघात आहे. जेरोम ब्रूनर आणि त्यांचे सहकारी यांच्या एका निबंधातून तो रुळला. त्यात मुख्य मुद्दा आधार काढून घेण्याचा आहे. सहावीच्या मुलाला कोणता विषय कधी करायचा हे सांगावे लागते. आठवीच्या मुलाने आठवड्याचा आराखडा स्वतः करून सदनप्रमुखांना, म्हणजे वसतिगृहातल्या त्याच्या गटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना, दाखवावा. दहावीच्या मुलाने तो करावा आणि कोणालाही दाखवू नये, पण महिन्याच्या शेवटी आपण कुठे चुकलो ते बसून सांगावे. सहावीचे आणि अकरावीचे वेळापत्रक शब्दशः सारखे असेल, तर त्या शाळेत टेकू काढायचा विचारच झालेला नाही, असे मी समजतो. वयात येणाऱ्या मुलांची शिस्त ढिली पडेल या भीतीने शाळा नेमके हेच टाळतात, आणि भीती खोटीही नाही. तरी चूक करायची असेल तर ती सदनप्रमुख शेजारच्या खोलीत असताना होणे बरे.

मुले निवडूनच घेतली, मग शाळेचे श्रेय किती?

हा सर्वांत मजबूत आक्षेप आहे. नवोदयची निवड चाचणी दोन तासांची, ८० प्रश्न आणि १०० गुणांची असते. त्यांतले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला आणि उरलेले अंकगणित व भाषा यांना. जिल्ह्यातली हजारो मुले बसतात आणि ८० निवडली जातात. अशी मुले दहावीला चमकली तर त्यात नवल काय? निकालाच्या टक्केवारीवरून शाळेचे मोल ठरवू नये, असे मी प्रत्येक पालकाला सांगत आलो. खरी तुलना करायची झाली तर यादीत जेमतेम आलेली मुले आणि जेमतेम हुकलेली मुले यांची करावी लागेल. एका गुणाने आत आलेले आणि एका गुणाने बाहेर राहिलेले मूल पाचवीत जवळजवळ सारखेच असते. पुढच्या पाच वर्षांत त्यांच्यात जे अंतर पडते, त्यातला मोठा वाटा शाळेचा मानता येईल.

वर्गापुरते बोलायचे तर निवडलेल्या मुलांची एक वेगळीच अडचण असते. आपल्या गावच्या शाळेत कायम पहिले येणारे ८० जण एकत्र आले की त्यांतले ७९ जण आयुष्यात प्रथमच पहिले येत नाहीत. सहावीच्या पहिल्या घटक चाचणीनंतर मी मुलांना पोटदुखीचे कारण सांगून झोपून राहिलेले पाहिले आहे. क्रमांक जाहीर न करणारी, मुलाची तुलना त्याच्या मागच्या महिन्याशी करणारी शाळा अशा वेळी मुलाला वाचवते.

मराठीत शिकलेले मूल एकदम इंग्रजीत?

नवोदयमध्ये साधारण सातवी-आठवीपर्यंत माध्यम मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा असते. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकवतात. ‘मग पहिल्या दिवसापासून इंग्रजी का नाही,’ असे पालक विचारतात. दोरीवरचा ओला सदरा वाळताना पाहून ज्याला बाष्पीभवन समजले आहे, त्याला ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द शिकायला एक दिवस पुरतो. ज्याने ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या तेवढी पाठ केली आहे, त्याला सदरा का वाळला हे कित्येकदा सांगता येत नाही. संकल्पना आपल्या भाषेत रुजवून मग तिला दुसरे नाव देणे सोपे जाते. नववीची पहिली सहामाही तरीही जड जातेच. सहावीपासून फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिण्याची सवय असेल तर ती निभते.

नववीत आणखी एक गोष्ट होते, तिला तिथे ‘मायग्रेशन’ म्हणतात. हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक प्रदेशांतील विद्यालये नववीतल्या ३० टक्के विद्यार्थ्यांची वर्षभरासाठी अदलाबदल करतात. गावाबाहेर कधी न गेलेली मुलगी एक वर्ष परप्रांतात राहते, तिथल्या मेसमध्ये जेवते, तिथल्या मुलींशी भांडते आणि समेट करते. इतक्या कमी खर्चात नागरिकशास्त्राचा इतका सखोल पाठ मला तरी दुसरा माहीत नाही.

एकत्र राहण्यातून शिकण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहू लागली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतः कष्ट करत; त्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पंगतीत शेजारी कोण बसले आहे हा त्या बोर्डिंगमध्ये अभ्यासक्रमाचाच भाग होता.

नुसते निवासी असणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, आणि हे स्पष्ट बोलायला हवे. राज्यातल्या आदिवासी आश्रमशाळाही निवासी आहेत. मेळघाटातले कोरकू बोलणारे, गडचिरोलीतले माडिया बोलणारे किंवा नंदुरबारकडचे पावरी बोलणारे मूल तिथे येते, तेव्हा पुस्तकातली मराठी हीच त्याच्यासाठी परकी भाषा असते. रात्री वसतिगृहात त्याच्या बोलीत बोलणारे एकही मोठे माणूस नसेल, तर चोवीस तास शाळेत असूनही ते मूल चोवीस तास गप्प राहते. वेळ शाळेच्या हाती आला, पण त्या वेळात मुलाशी बोलणारे कोणी नाही, अशी ती स्थिती.

लहान वयात घरापासून तोडणे योग्य की अयोग्य, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याकडे मागू नये. पहिले सहा-आठ आठवडे बहुतेक मुले रडतात. त्यांतली बरीचशी नंतर रुळतात, काही रुळत नाहीत, आणि न रुळणाऱ्या मुलाला परत नेण्यात कोणतीही नामुष्की नसते. मोठी मुले त्रास देतात का, आणि दिल्यास लहान मुलाने कोणाला सांगायचे, हे मात्र प्रवेशाआधी विचारलेच पाहिजे. ‘आमच्याकडे तसे काही होत नाही’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. ‘होते, तेव्हा मूल अमुक माणसाकडे जाते आणि पुढे असे असे केले जाते’ असे सांगणारी शाळा मला अधिक विश्वासाची वाटते.

शाळा पाहायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळ्याच शाळा सारख्या दिसतात. परवानगी मिळाली तर संध्याकाळी साडेसातला जा, स्टडीच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहा आणि मुलांसमोरची पाने कोरी आहेत, भरत आहेत की नुसती उलटली जात आहेत ते पाहा. मेसमध्ये शिक्षक मुलांच्या बाकावर जेवतात की वेगळे, तेही पाहा. आणि बाहेर पडताना दहावीतले एखादे मूल भेटले तर त्याला गुण विचारू नका. रविवारी दुपारी तू काय करतोस, आणि ते कोण ठरवते, एवढे विचारा.